गाडी घेतली, एकटीने घेतली, आणि नेमकं काय वाटतंय तेच कळत नाहीये

रानवारा

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात गाडी घेतली. नवी कोरी. डाउन पेमेंट माझ्या साठवलेल्या पैशातून, बाकीचं कर्ज, तेही माझ्या एकटीच्या नावावर. कर्जाच्या फॉर्मवर सहअर्जदाराचा एक मोठा रकाना असतो, नाव, नातं, फोटो, सही, सगळं. तिथल्या माणसाने त्यावर पेनने एक तिरकी रेघ मारली, "हे लागू नाही ना मॅडम" म्हणाला आणि पान उलटलं. त्याचं रोजचं काम ते, त्याचं काहीच चुकलं नाही, पण मी त्या रेघेकडे जरा जास्तच वेळ बघत बसले.

निवडण्याचं सगळं मीच केलं. कित्येक महिने रात्री काम आवरलं की व्हिडिओ, रिव्ह्यू, क्रॅश टेस्टचे स्टार, डिकी किती मोठी, मागे बसल्यावर गुडघे टेकतात का, सर्व्हिसला किती लागतात, सगळं एका वहीत लिहून काढलेलं. टेस्ट ड्राइव्ह घेतल्या, घासाघीस केली, दोनदा उठून निघून पण आले. आणि ते सगळं करताना खरंच मस्त वाटत होतं, अंगात जोर होता.

मग डिलिव्हरीचा दिवस. शेजारच्या गाडीपाशी अख्खं कुटुंब जमलेलं, लहान पोरं हॉर्न वाजवतायत, कोणीतरी कोणाला तरी फोनवर गाडी दाखवतंय. मला विचारलं, "अजून कोणी यायचंय का, थांबूया?" मी म्हटलं नाही, मीच. किल्ली दिली, फोटो काढला. फोटोत मी हसतेय आणि ते हसू खोटं नाहीये, हे मुद्दाम लिहितेय. पण पार्किंगमध्ये येऊन गाडी बंद केली आणि उतरावंसंच वाटेना. रडू आलं. आनंदाचं होतं की कसलं, अजून ठरत नाहीये.

तेव्हापासून असंच चाललंय. सकाळी खिडकीतून गाडी दिसली की ऊर भरून येतो आणि दुपारी कामात असताना एकदम पोटात गोळा येतो, की एवढे पैसे एका वस्तूवर, तेही स्वतःसाठी, कशाला घातले. रंग दुसरा घ्यायला हवा होता का, वरचं मॉडेल घ्यायचं की खालचं पुरलं असतं. जी गाडी घेतली नाही तिचे व्हिडिओ अजून बघते. आणि बोलणार कोणाशी, गाडी घेऊन रडत बसलेल्या बाईला लोक म्हणणार सुख बोचतंय.

सगळ्यात जास्त काय टोचतंय ते लिहून टाकते. निर्णय चुकला असेल तर तो माझ्या एकटीचा, वाटून घ्यायला कोणी नाही. आणि बरोबर निघाला तरी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकवायला पण कोणी नाही.

असं कोणाला झालंय का? किती दिवस राहतं हे?

कुहू

आधी अभिनंदन गं!!! मनापासून. बाकीचं नंतर.

आणि सुख बिख काही बोचत नाहीये तुला, थकली आहेस तू. महिनोन्महिने एका गोष्टीच्या मागे होतीस, रोज रात्री करायला काहीतरी होतं, ते एका दिवशी संपलं. मला घर घेतल्यावर असंच झालं होतं, किल्ली मिळाली त्या रात्री झोपच नाही आली. सविस्तर उद्या लिहिते.

तिसरागिअर

अभिनंदन ताई. भावनांचं बाकीचे बोलतीलच, मी गाडीचं बोलतो कारण मला तेच येतं आणि मला वाटतं निम्मी धाकधूक गाडी हाताखाली आली की जाते.

इंजिनवाली असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर रनिंग इनचे, म्हणजे नवं इंजिन रुळवायचे समजा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो धरा. त्या काळात इंजिन फार वर ताणायचं नाही, एकाच स्पीडला तासन्‌तास धरून ठेवायचं नाही, कमी जास्त होऊ द्यायचं. नवीन टायर सुरुवातीला थोडे गुळगुळीत असतात, पृष्ठभाग जरा घासला गेला की पकड येते, तोवर ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर अचानक ब्रेक मारल्यावर पायाखाली थरथर येते, काहीतरी तुटल्यासारखी, ती नॉर्मल आहे, घाबरून पाय उचलायचा नाही आणि पंपिंग पण करायचं नाही, पेडल घट्ट दाबून ठेवायचं आणि स्टिअरिंग वळवायचं. एकदा मोकळ्या मैदानात मुद्दाम करून बघा म्हणजे खरी वेळ आली तर दचकायला होत नाही.

साधामाणूस

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. गाडी हे इकडून तिकडे जायचं साधन आहे. शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते आणि सगळ्यात जास्त पहिल्या वर्षातच उतरते. ती गुंतवणूक नाही, खर्च आहे. ज्या दिवशी आपण तिला यश, स्वप्न, ओळख वगैरे समजायला लागतो त्या दिवशी हे सगळे त्रास चालू होतात. गरज होती, परवडली, घेतली, विषय संपला. रडण्याचं कारण मला तरी कळलं नाही.

अबोली

@साधामाणूस, खर्च आहे हे शंभर टक्के मान्य. पण ताईंनी किंमत उतरल्याबद्दल एक ओळ तरी लिहिलीये का? त्या रेघेबद्दल लिहिलंय त्यांनी, तो परिच्छेद परत वाचा.

ज्याच्या बाजूला कायम कोणीतरी असतं त्याला वस्तू ही वस्तूच दिसते हो, कारण बाकीचं सगळं आपोआप मिळालेलं असतं. कोण सोबत येणार, सही कुठे करायची, रंग कुठला, भांडण का होईना पण ते कोणाशी तरी होतं. एकट्याने केलं की प्रत्येक कागदावर आपण एकटे आहोत हे परत परत लिहून द्यावं लागतं. त्याचा शीण येतो आणि तो यायलाच पाहिजे.

आणि रानवारा, एकटीने गेलीस ते बरं केलंस असं पण म्हणेन. मी भावाला घेऊन गेले होते. गाडी माझी, पैसे माझे, चालवणार मी, भावाला तर गाडी चालवताच येत नाही, आणि तो सेल्समन दोन तास सगळी उत्तरं भावाकडे बघून देत होता. मी विचारलं ग्राउंड क्लिअरन्स किती, उत्तर भावाला. शेवटी भाऊच म्हणाला, मी बाहेर थांबतो, तुम्ही हिच्याशी बोला. त्या दिवशी सोबत असून जेवढं एकटं वाटलं तेवढं एरवी कधी वाटलं नाही मला.

पिंपळपान

रानवारा, मी वयाने तुझ्या आईएवढी असेन म्हणून अगं तुगं करते.

आमच्याकडे गाड्या नेहमी ह्यांनीच निवडल्या. मला रंग विचारायचे, बाकी काही नाही. हे गेले आणि पुढे कधीतरी जुनी गाडी रस्त्यात बंद पडायला लागली, मुलगा म्हणाला आई तू कशाला आता गाडी ठेवतेस, लागली तर टॅक्सी बोलवत जा. मी ऐकलं नाही. एकटी जाऊन घेतली. मला इंजिनातलं काही कळत नाही, मी सरळ बसून बघितलं की सीटवर चढउतार करताना गुडघा दुखतो का, मान वळवून मागचं दिसतं का, आणि ऑटोमॅटिक घेतली म्हणजे क्लचचा त्रास नको. शोरूममधल्या पोराने कौतुकाने विचारलं की काकू तुम्ही रिव्ह्यू बघून आलात का.

आता तुला एक सांगते जे मी कोणाला सांगितलेलं नाही. जुन्या गाडीत प्रत्येक वेळी मला सीट पुढे ओढायला लागायची आणि आरसे खाली करायला लागायचे कारण हे उंच होते, आणि मी रोज त्यावरून कटकट करायचे. नव्या गाडीत सीट मी ठेवली तिथेच असते. आरसे माझ्या डोळ्यांच्या उंचीला. पहिले काही आठवडे दार उघडलं की माझा हात आपोआप सीटखालच्या दांडीकडे जायचा आणि मग लक्षात यायचं की काही करायचंच नाहीये. मला तिथेच रडू यायचं, पार्किंगमध्ये, तुझ्यासारखंच.

पण हे पण खरं की आता त्या सीटवर मी नीट बसते. पाठ दुखत नाही. आधी मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या गाडीत बसत होते ते मला कळलंच नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. मी आता त्यांचा हिशोब जुळवत बसत नाही.

कुहू

काकू 🙏 काय लिहिलंय तुम्ही. मी जे लिहिणार होते ते आता राहू दे.

वाटसरू

मानसशास्त्र शिकवतो म्हणून थोडं त्या बाजूने. रानवारा, तुम्ही ज्याला पोटात गोळा येणं म्हणताय त्यावर बराच जुना अभ्यास आहे आणि योगायोग म्हणजे तो गाड्यांवरच झालेला आहे.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये सिद्धांत मांडला, की डोक्यात दोन गोष्टी एकमेकींशी पटत नसल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कमी करायला धडपडतो. मराठीत त्याला बोधात्मक विसंगती म्हणतात. मोठा निर्णय घेतला की ही हमखास येते, कारण सोडून दिलेल्या पर्यायातले चांगले गुण आणि घेतलेल्यातले वाईट गुण डोक्यातून जात नाहीत. त्याच वर्षी एर्लिख आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांनी नुकती नवी गाडी घेतलेल्यांना विचारलं की तुम्ही कुठल्या गाड्यांच्या जाहिराती वाचता. तर लोक आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होते, ज्यांचा विचार करून सोडून दिल्या त्यांच्या कमी. आता बघा, गाडी तर घेऊन झाली, जाहिरात वाचून मिळायचं काय? मिळतो तो धीर. आपण बरोबर केलं हे कोणीतरी म्हणावं म्हणून.

त्याच्या आदल्या वर्षी जॅक ब्रेम यांनी घरगुती वस्तूंवर प्रयोग केला होता. साधारण सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंमधून एक निवडायला सांगितली, निवड झाल्यावर परत गुण द्यायला लावले, तर निवडलेलीचे गुण वाढले आणि सोडलेलीचे उतरले. म्हणजे मन हळूहळू स्वतःच तोल सावरतं.

माझं निरीक्षण, हे अभ्यासातलं नाही, माझं आहे. घरात दोघं-चौघं असतील तर हा धीर जेवताना बोलता बोलताच मिळून जातो. "बरं झालं हीच घेतली" असं कोणीतरी म्हणतं आणि काम होतं. एकट्या माणसाला तो स्वतःलाच द्यावा लागतो म्हणून वेळ जास्त लागतो. तुमची निवड चुकली असा याचा अर्थ अजिबात नाही. तुम्ही मात्र न घेतलेल्या गाडीचे व्हिडिओ बघताय, उलटी दिशा झाली ही. ते तेवढं बंद करा.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पिंपळपान काकू, तुमचं वाचून परत रडले पण हे वेगळं रडणं होतं.

वाटसरू सर, व्हिडिओ बंद केले, चॅनलच अनसबस्क्राइब केलं.

साधामाणूस, तुमचा राग नाही आला. गरज होती का, तर हो, ऑफिस लांब आहे आणि रात्री परत यायला उशीर होतो. पण तेवढ्यासाठी साधी स्कूटर पण चालली असती असं मन म्हणतं आणि तिथेच घोळ होतो. आमच्या घरात स्वतःवर खर्च करायची सवय कोणालाच नव्हती. आईने कधी स्वतःसाठी काही घेतलेलं मी बघितलेलं नाही. त्यामुळे कर्जापेक्षा पण ते जास्त खुपतं, की हे मी फक्त माझ्यासाठी केलं.

हिशोबनीस

ताई, 'फक्त स्वतःसाठी' यातलं अपराधीपण मला घालवता येणार नाही, पण कर्जाची भीती थोडी कमी करता येईल कारण आकडे समोर आले की ती आटोक्यात येते.

घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायचं राहिलेल्या मुद्दलावरच व्याज असतं तेव्हा सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी. उदाहरणार्थ पाच वर्षांचं कर्ज आणि वर्षाला १० टक्के दर धरला तर पहिल्या हप्त्यातला जवळपास ३९ टक्के भाग व्याजात जातो आणि शेवटच्या हप्त्यात तोच भाग १ टक्क्याच्याही खाली येतो. त्यामुळे पहिलं वर्षभर शिल्लक बघितली की वाटतं एवढे भरले तरी काहीच कमी होत नाही, आणि लोक तिथेच खचतात. तसा हिशोबच आहे तो. ह्याच कारणाने जास्तीचे पैसे भरायचे असतील तर लवकर भरलेले फायद्याचे, फक्त मुदतीआधी फेडल्यावर दंड लागतो का ते करारात बघा.

दुसरं, हप्ता म्हणजे गाडीचा पूर्ण खर्च नव्हे. इन्शुरन्स वर्षातून एकदा येतो, सर्व्हिस येते, टायर काही वर्षांनी चारही एकदम येतात, आणि हे सगळं एकट्याच्या पगारावर एकाच महिन्यात आदळलं की परत तुमचा तो पोटातला गोळा. त्याला बारा भागात वाटून दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत जा. दोन पगार असलेल्या घरात एक जण दुसऱ्याला सावरतो, तुम्हाला सावरणारं खातं पाहिजे. किमान सहा हप्त्यांएवढी रक्कम त्यात असू दे, नोकरीत काही झालं तरी श्वास घेता येतो.

कोवळंऊन

मी मुलगा आहे, लग्न वगैरे नाही, वय लहान, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या घराण्यात कोणाकडेच कधी गाडी नव्हती. मी पहिला. म्हणजे विचारायलाच कोणी नाही, बाबांना विचारलं कुठली घेऊ तर ते म्हणाले मला काय कळतं त्यातलं, तू शिकलेला आहेस. ते वाक्य त्यांनी प्रेमानेच म्हटलं पण मला एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. गाडी घरी आणली, आई पुढच्या सीटवर बसली, आणि बाबा मागे बसले, मागच्या सीटवर एकदम टोकाला, हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कोणाच्यातरी गाडीत बसल्यासारखे. मी म्हटलं बाबा टेका ना, तर म्हणे नको, सीट खराब होईल.

मला त्या दिवशी आनंद झाला की वाईट वाटलं ते मला आजपण सांगता येत नाही. मित्र म्हणतात तुझं बरंय बाबा, सेट झालास. त्यांना काय सांगू की बाबांना टेकून बसवायला मला कितीतरी महिने लागले. रोज काहीतरी कारण काढून त्यांना घेऊन जायचो, आणि एकदा पार्किंगमध्ये मागे बघून मला गाडी लावायला सांगा म्हटलं, ये ये ये, थांब, असं. ते त्यांना जमलं. आता मी कुठेही निघालो की ते खाली येतात, टायरला पाय लावून बघतात आणि सांगतात हवा कमी वाटते.

ताई, तुम्ही तुमच्या आईला बसवलं का गाडीत अजून?

अबोली

कोवळंऊन, वडिलांना नमस्कार सांग रे 🙂

जुनीवही

स्वतःसाठी खर्च केला यावरून एक गोष्ट आठवली, मला ती फार आवडते म्हणून लिहितेय. कार्ल बेन्झ यांनी मोटार बनवली हे सगळ्यांना माहिती असतं, पण त्या धंद्यात सुरुवातीला पैसा घातला तो त्यांच्या बायकोने, बर्था बेन्झ यांनी, लग्नाआधीच, स्वतःच्या हुंड्यातला. गाडी तयार झाली तरी लोक घ्यायला धजेनात. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता त्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या, शंभरेक किलोमीटर. एवढा लांबचा मोटारप्रवास तोवर कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, वायरचं आवरण झिजलं तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं लावून घेतलं. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, पेट्रोल पंप कुठले तेव्हा.

म्हणजे पहिल्या लांब प्रवासाला निघालेली बाई, तिचेच पैसे, तिचाच निर्णय, आणि बिघाड झाला तर विचारायला रस्त्यावर एकही माणूस नाही कारण ते यंत्र कोणी बघितलेलंच नाही. रानवारा, तुला मी हे हुरूप यावा म्हणून सांगतेय, तुलना म्हणून नाही. तिलाही वाटेत पोटात गोळा आलाच असेल असं मला आपलं वाटतं.

साधामाणूस

मघाशी लिहिलेलं परत वाचलं. गाडी हा खर्च आहे यावर मी ठाम आहे, पण 'फक्त स्वतःसाठी' हे पटत नाही. रात्री उशिरा घरी सुखरूप यायला लागणारी गोष्ट ही चैन नाही. ज्यांना तुमची काळजी आहे त्यांची पण झोप आहे त्यात. स्कूटर पावसात आणि रात्रीच्या हायवेला काय असते ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. तो विचार डोक्यातून काढून टाका.

रानवारा

धन्यवाद दादा, हे असं मी बघितलंच नव्हतं.

अजून एक भीती राहिलीये, ती जरा साधी आहे. रात्री एकटी असताना पंक्चर झालं किंवा डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर? दिवसा काही वाटत नाही, रात्री परत येताना प्रत्येक आवाजाला कान टवकारलेले असतात.

तिसरागिअर

साधी नाहीये, बरोबर प्रश्न आहे. ढोबळ नियम, लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, त्यातही ऑइल प्रेशर किंवा टेंपरेचरचा लाल असेल तर इंजिन बंद, पुढे रेटायचं नाही. पिवळा म्हणजे गाडी जपून चालवत घरी जा आणि लवकर दाखवून घ्या.

पंक्चरसाठी आधी डिकी उघडून बघा स्टेपनी आहे का, काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट देतात. असेल तर एका सुट्टीच्या दिवशी दिवसाउजेडी सपाट जागेवर स्वतः चाक काढून लावून बघा. हँडब्रेक ओढायचा, चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करायचे, जॅकवर चढवल्यावर चाक फिरतं आणि मग जोर लावता येत नाही. जॅक कुठे टेकवायचा ती जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, दुसरीकडे लावू नका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. नट परत घट्ट करताना समोरासमोरचे करत जायचं. रात्री रस्ता धोक्याचा वाटला तर मात्र हे काही करू नका, वर्दळ आणि उजेड असेल तिथवर अगदी हळू न्या, टायर गेला तरी चालेल, आणि रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. तो नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे पाहिजे.

हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर बघा, आणि टायर थंड असताना तपासा, चालवून गरम झाले की आकडा वाढीव दिसतो.

आणि एक आवडती गोष्ट सांगतो. पेट्रोलच्या काट्याशेजारी एक छोटा त्रिकोण असतो ना, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारा, तो फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघाला. १९८६ मध्ये कंपनीची गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेला, चुकीच्या बाजूने लावली आणि पावसात भिजला. परत येऊन ओल्या अंगानेच वरिष्ठांना चिठ्ठी लिहिली. आज बहुतेक गाड्यांत तो बाण असतो. आपण एकटे चालवत असतो तेव्हा अशा कितीतरी अनोळखी लोकांनी आधीच आपला विचार करून ठेवलेला असतो, मला ते फार भारी वाटतं.

रानवारा

आज सविस्तर लिहायला वेळ मिळाला.

सुट्टीच्या दिवशी चाक बदललं. घाम निघाला, नट इतके घट्ट होते की पान्यावर जवळजवळ उभी राहिले, पण झालं. त्या दिवसापासून रात्री कान टवकारणं बरंच कमी झालंय.

कोवळंऊन, आईला बसवलं. ती दुसऱ्या गावी असते, तिच्याकडे घेऊन गेले. मला वाटलं म्हणेल कशाला एवढा खर्च. ती काही बोलली नाही, बसली, बेल्ट लावायला धडपडली, मी लावून दिला, आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, मलासुद्धा एकेकाळी शिकायची होती. इतक्या वर्षांत हे मला माहितीच नव्हतं. मग आम्ही खूप वेळ बोलत होतो, काय ते इथे लिहीत नाही, तिचं आहे ते.

तुमचं सगळ्यांचं वाचून मला एवढं उमगलंय की मी दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली होती. गाडीबद्दल शंका आणि सोबत कोणी नसल्याचं दुःख. दुसऱ्याचा त्रास झाला की मी पहिलीला दोष देत होते, रंग चुकला, मॉडेल चुकलं. गाडीत काहीच चुकलेलं नाही, गाडी चांगली आहे, रंग पण चांगला आहे. सोबतीचं जे आहे ते गाडीच्या आधीपासून आहे आणि दुसरी गाडी घेतली असती तरी असतंच. ते अजून दुखतं, खोटं कशाला बोलू. पण आता निदान त्याचं खापर क्लचवर फुटत नाही.

कुहू

❤️ आईला शिकव आता.

कोरीपाटी

नवीन सभासद आहे, अख्खा धागा एका बैठकीत वाचला. मीसुद्धा पुढच्या महिन्यात एकटीच गाडी आणायला जाणार आहे आणि आत्तापासून धडधडतंय. रानवारा ताई, डिलिव्हरीच्या दिवशी नेमकं काय काय बघू? घाईघाईत सह्या घेतात असं ऐकलंय.

रानवारा

अगं वा, अभिनंदन!! घाई करतात खरं, पण तू करू नकोस, दिवसाउजेडी जा, संध्याकाळची वेळ देत असतील तर सरळ नाही म्हण कारण दिव्यांच्या उजेडात ओरखडे दिसत नाहीत. सही करायच्या आधी चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक, कागदावरचा आणि गाडीवरचा एकेक अक्षर जुळवून बघ, १७ अक्षरांचा असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात त्यामुळे गोल दिसलं तर तो शून्यच. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायरचे आणि स्टेपनीचे बघ, फार जुने नकोत. किलोमीटर किती पडलेत ते बघ. सगळे दिवे, वायपर, काचा, हॉर्न, एसी स्वतः लावून बघ. दोन्ही किल्ल्यांनी दार उघडून बघ, जॅक आणि पाना हातात घेऊन बघ, इन्शुरन्सच्या कागदावर तुझं नाव बरोबर लिहिलंय का बघ. रंग सगळ्या बाजूंनी, खाली वाकून.

तारीख आणि वेळ मला मेसेज कर, मी त्या वेळी फोनवर असते, व्हिडिओ कॉलवर एकेक करत बघू.